पावसाला कसले घाबरता?

मंडळाच्या गणपतीत सगळे भेटले की उन्हाळ्यातल्या अलास्का क्रूझच्या गप्पा रंगतात. ग्लेशियर होतो, देवमासे होतात, बफेतल्या पदार्थांची यादी होते आणि केचिकनचा विषय मात्र एका वाक्यात संपतो. "तिथे काय, पाऊसच होता. आम्ही उतरलोच नाही." जे उतरलेले असतात, त्यांचीही मजल धक्क्यासमोरच्या दागिन्यांच्या दुकानापलीकडे गेलेली नसते. माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

केचिकनला वर्षाला साधारण १५० इंच पाऊस पडतो. म्हणजे रत्नागिरीपेक्षा थोडा जास्त आणि महाबळेश्वरपेक्षा बराच कमी! फरक इतकाच, की आपल्याकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि तिथे बारा महिने रिपरिप चालू असते. आणि घाबरते कोण? तर लोणावळ्याला मुद्दाम भिजायला जाणारे, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून कणसे खाणारे, शाळेत दप्तर डोक्यावर धरून घरी पळालेले आपण! खास अलास्कासाठी महागडे वॉटरप्रूफ जॅकेट घ्यायचे आणि ते घालून बाल्कनीत कॉफी पीत बसायचे, याला काय म्हणावे?

"पावसाने दिवस वाया घालवला" असे आपण म्हणतो, तेव्हा आपण उलटे बोलत असतो. पाऊस वजा केला तर केचिकन उरतच नाही. या पावसावर टोंगसचे जंगल उभे आहे, अमेरिकेतले सर्वांत मोठे राष्ट्रीय वन. या जंगलातल्या देवदारासारख्या प्रचंड सीडर वृक्षांतून टोटेम खांब कोरले गेले. पावसाने भरलेल्या ओढ्यांतून सॅमन मासे समुद्रातून आपल्या जन्मस्थानी परत येतात. त्या माशांवर डबाबंदीचे कारखाने आले आणि कारखान्यांवर गाव पोसले गेले. शहराची वीजसुद्धा मुख्यतः याच पाण्यावर तयार होते. ऊन पडल्यावर केचिकन बघू म्हणणे म्हणजे पाऊस थांबल्यावर धबधबा बघू म्हणण्यासारखे आहे.

उतरून करायचे काय? चालायचे. डोंगर इतका उभा, की क्रीक स्ट्रीट नावाचा रस्ता जमिनीवर नाहीच. ओढ्यावर लाकडी खांब रोवून त्यावर फळ्या टाकल्या आहेत. १९५४ पर्यंत ही बदनाम वस्ती होती, आज तिथे दुकाने आणि एक छोटे संग्रहालय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या फळ्यांवरून खाली वाकून पाहिले, तर प्रवाहाविरुद्ध झगडणारे सॅमन दिसतात. ओढ्याच्या कडेने वर गेले, की पायी वीसेक मिनिटांत टोटेम हेरिटेज सेंटर येते. ट्लिंगिट आणि हैदा लोकांच्या ओस पडलेल्या गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ खांब १९७६ पासून तिथे जपले आहेत. आपल्यातले बरेच जण या खांबांना "त्यांचे देव" समजून मोकळे होतात. ते देव नव्हेत. ती कुळांची चिन्हे आहेत, स्मारके आहेत, लिपीशिवाय लिहून ठेवलेला इतिहास आहे.

आणि तिथून अडीच मैलांवरच्या सॅक्समनला जरूर जा. तिथे एक खांब चक्क निंदेसाठी उभारलेला आहे. १८६७ साली ७२ लाख डॉलर्सना अलास्का विकत घेण्याचा करार करणारा विल्यम सिवर्ड १८६९ साली इकडे आला. ट्लिंगिट प्रमुखाने त्याला जेवण दिले, भेटी दिल्या. सिवर्डने परतफेड कधीच केली नाही. ट्लिंगिट रिवाजात हा मोठा अपमान. तेव्हा त्यांनी सिवर्डचाच खांब कोरला आणि कंजूसपणाची खूण म्हणून त्याचे नाक-कान लाल रंगवले. जुना खांब कुजला तेव्हा नवा केला, तोही जीर्ण झाला तेव्हा २०१७ साली पुन्हा नवा उभारला. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोरड्या पाहुण्याचा हिशेब त्यांनी अजून बंद केलेला नाही!

हा रिवाज आपल्याला समजावून सांगायला नको. शेजारणीकडून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवले आहे. मग हंगामात जेमतेम आठ हजार वस्तीच्या गावात एकेका दिवशी वस्तीपेक्षा जास्त पाहुणे उतरतात, त्यांत आपण कोणत्या प्रकारचे पाहुणे असतो? गावाने धक्का दिला, रस्ते दिले, गर्दी सोसली. आपण मात्र जहाजावरच जेवलो किंवा हंगाम संपताच कुलूप लागणाऱ्या दुकानातून झुमके घेतले. शेजारच्या जुनोमध्ये २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे येऊ देतात. त्याच वर्षी शनिवारी मोठी जहाजे अजिबात नकोत, यासाठी मतदानही झाले. प्रस्ताव पडला, पण तो मांडण्याची वेळ का आली, याचा विचार पाहुण्यांनीच करायचा आहे.

"आजींचे गुडघे दुखतात हो!" मान्य. सॅक्समनला शहराची बस जाते. "मुले कंटाळतात." मुले आपल्याला पाहून कंटाळतात. त्यांना तो लाल नाकाचा खांब दाखवा, मग बघा! आणि जाता जाता त्यांना हेही सांगा, की अलास्काने २०१४ साली २० आदिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला, तरी त्यांतल्या बहुतेक भाषा बोलणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, म्हणून आपण निश्चिंत झालो आहोत. दर्जा कागदावर मिळतो, भाषा घरात बोलावी लागते. रविवारच्या मराठी शाळेत जे दहादा सांगून पटत नाही, ते कदाचित तिथे एकदा पाहून पटेल.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात केचिकनला जहाज लागेल आणि खिडकीवर थेंब दिसतील, तेव्हा बफेची रांग सोडा. छत्रीपेक्षा टोपीचे जॅकेट बरे, आणि फळ्या निसरड्या असतात म्हणून बूट चांगले घाला. गावातल्या माणसाच्या हातचे काही विकत घ्या, त्याच्याशी दोन शब्द बोला. शेवटी भिजलेले कपडे तासाभरात वाळतात, पण न पाहिलेले गाव "पाहिले" म्हणून सांगणे शोभत नाही.