घर पाहावे सावरून



‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या म्हणीला आज एक पुस्ती जोडावीशी वाटते, ती म्हणजे ‘जुने घर पाहावे सावरून’. नवे घर बांधणाऱ्यापुढे मोकळी जागा असते आणि हातात नकाशा असतो. जुन्या घराची गोष्ट निराळी. तेथे चूल पेटलेली असते, माजघरात वृद्ध आई निजलेली असते, मुलांची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि अशा नांदत्या घराची भिंत उकरावयाची असते. शिवाय त्या भिंतीच्या पोटात काय दडले आहे, हे ती उकरल्यावाचून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून अशा कामात अडचणी येणारच. त्या येऊ नयेत अशी आशा धरण्यापेक्षा, आल्या तर घर व घरातील माणसे कशी सांभाळावीत, याचा विचार आज करू या.

आपली छाणी बडोद्याच्या उत्तरेस, अहमदाबादच्या वाटेवर. एके काळी शेतांनी वेढलेले हे गाव आज शहराच्या पोटात आले आहे. १९६२ साली स्थापन झालेला खतांचा कारखाना शेजारीच आहे आणि गावाच्या जुन्या नावाने ओळखले जाणारे छायापुरी स्थानक आता गाड्यांनी गजबजलेले असते. गावाच्या जुन्या भागात मात्र तोंडाला अरुंद आणि आत खोलवर गेलेली, लाकडी खांबांची, पुढे ओटा असलेली घरे अजून उभी आहेत. आजोबांनी बांधलेले घर, बापाने वाढविलेली माडी, आणि आता नातवांपुढे प्रश्न : ठेवावे की पाडावे? सावरावे तर पैसा कोठून आणावा? भाऊ सुरतेस, बहीण वसईस, आणि घर तर गळते आहे!

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुने म्हणजे कमकुवत, असे मुळीच नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपाने सारा गुजरात हादरला, तेव्हा अहमदाबादेत काही नव्या बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळून पुष्कळ माणसे दगावली. त्याच शहरातील जुन्या पोळांतील लाकडी सांगाड्याची घरे मात्र बहुतांशी उभी राहिली. विटांच्या भिंतीत आडव्या लाकडांचे पट्टे घातलेले असल्यामुळे असे घर हादऱ्याबरोबर थोडे डोलते, पण एकाएकी तुटत नाही. यावरून जुन्या घराविषयी आदर वाटावा, पण निष्काळजीपणा मात्र येऊ नये. ही ताकद सांध्यांची आहे. वाळवीने खाल्लेला खांब किंवा जागा मोठी करण्यासाठी काढून टाकलेली तुळई त्या घराचा सारा तोल बिघडविते. म्हणून जाणत्या माणसाने पाहिल्यावाचून आणि भक्कम टेकू दिल्यावाचून जुन्या घरातील एकही खांब हलवू नये. या बाबतीत घाई केली तर पैसा जातोच, पण प्रसंगी मनुष्यही जातो.

पहिली निराशा येते ती बहुधा छपरावरून. एक कौल तडकते. त्यातून पाझरणारे पाणी वाशावर, वाशावरून तुळईच्या टोकाशी आणि तेथून भिंतीत उतरते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक कोणास दिसत नाही, आणि तेच आधी कुजते. मग गवंडी येतो, हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहतो, लाकडातून पोकळ आवाज येतो, आणि दोन दिवसांचे म्हणून काढलेले काम दोन महिन्यांचे होऊन बसते. गृहस्थाला वाटते, आपल्यावरच हे संकट का? वास्तविक हे संकट आज आलेले नाही. ते दहा-वीस वर्षे तेथे होते, आज फक्त दृष्टीस पडले. दुखणे उघडकीस आणणाऱ्या वैद्यावर कोणी रागावत नाही, तसाच लाकूड ठोकून पाहणाऱ्या सुतारावरही रागावू नये.

दुसरी निराशा ओलीची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला आणि बडोद्यातील कितीतरी घरांत पाणी शिरले. पूर ओसरल्यावर पुष्कळांनी भिंतींना घाईघाईने सिमेंटचा गिलावा केला. जुन्या विटांची आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि तशीच ती बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा कठीण थर बसला की ओल आत कोंडते, विटेतील क्षार पृष्ठभागाशी येतात आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटू लागतात. केलेला खर्च मातीमोल होतो. उपाय साधा आहे, पण त्याला धीर लागतो. आधी पाणी कोठून येते ते बंद करावे, मग भिंतीला वारा लागू द्यावा, ती महिनोन्‌महिने सुकू द्यावी, आणि मगच चुन्याचा गिलावा करावा. भिंत आपल्या वेगाने सुकते. आपल्या उतावीळपणाने नव्हे.

म्हणूनच कामाचा क्रम मोडू नये. आधी छप्पर, मग सांगाडा, मग भिंती, मग जमीन आणि शेवटी रंग. पाहुणे येणार म्हणून आधी रंग काढणारा गृहस्थ तोच रंग पुढच्या श्रावणात ओघळताना पाहतो. छपराचे काम दिवाळी उलटताच हाती घ्यावे, म्हणजे पावसापूर्वी पुरेसे महिने मिळतात.

तिसरी अडचण माणसांची. बडोद्यात बांधकामावर येणारे पुष्कळ मजूर दाहोद आणि पंचमहालाकडील आदिवासी बांधव असतात. होळी आली की ते गावी जातात, आणि पहिला पाऊस पडला की पेरणीसाठी पुन्हा जातात. ‘अर्धवट काम टाकून पळाले,’ असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांचेही एक घर आहे, आणि त्याही घराचे छप्पर पावसापूर्वी शाकारावयाचे असते. आपल्या घरासाठी आपण जी ओढ बाळगतो, तीच त्यांच्या ठायी मान्य केली तर अर्धा संताप निवळेल. कामाच्या वेळापत्रकात होळीचे पंधरा दिवस आधीच वगळून ठेवावेत. ठेकेदाराशी मात्र करार कागदावर असावा. कोणते काम, कोणते लाकूड, किती दिवस, हे सारे त्यात स्पष्ट लिहावे. पैसे कामाच्या टप्प्याटप्प्याने द्यावेत, आगाऊ रक्कम थोडीच द्यावी, आणि झालेल्या कामाची मजुरी एक दिवसही अडवून धरू नये.

आता पैशाची गोष्ट. बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभू येशूचा दृष्टांत आपण संत लूकच्या शुभवर्तमानात अनेकदा ऐकला आहे. प्रभूने तो शिष्यत्वाविषयी सांगितला. पण ज्या व्यवहारावर तो उभा आहे, तो व्यवहारही खराच आहे. जुन्या घराच्या बाबतीत हिशेब करूनही काही भाग अज्ञात राहतो. म्हणून मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेत निदान पाचवा हिस्सा आणखी धरावा आणि तो बाजूला ठेवून विसरून जावा. तेवढी शिल्लक नसेल तर सारे घर एकदम उघडू नये. या वर्षी छप्पर, पुढील वर्षी भिंती. व्याजाने पैसे काढून फरशी चकचकीत करण्यापेक्षा साध्या शहाबादीवर शांत झोप लागणे अधिक चांगले.

परंतु बंधुभगिनींनो, घराला खरी भेग पडते ती माणसांच्या मनांत. वाळवीने जेवढी घरे पोखरली नसतील, तेवढी ‘मी एवढे दिले, तू काय दिलेस?’ या प्रश्नाने पोखरली आहेत. थोरला भाऊ गावी राहून धूळ खातो. धाकटा दुरून फोनवर सल्ले देतो. बहिणीला कोणी विचारीतच नाही आणि आईला तर आपल्याच घरात आपली पेटी कोठे ठेवली आहे, हे कळेनासे होते. यावर काही साधे नियम पाळावेत. काम सुरू करण्यापूर्वी घर कोणाच्या नावावर आहे, वारसांची नोंद झाली आहे की नाही आणि पालिकेची परवानगी लागते काय, हे पाहून घ्यावे. बहिणीचा हक्क तिने मागण्याची वाट न पाहता तिला विचारावे. रोजचे निर्णय एकाच व्यक्तीने घ्यावेत, पण खर्चाची वही सर्वांना उघडी असावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, घराविषयी बोलावे. इतर वेळी जेवणाच्या पानावर सिमेंटचा भाव निघू नये. आणि सारे घर उसकटले तरी एक खोली अखेरपर्यंत हलवू नये. तेथे आईची खाट, मुलांची पुस्तके आणि प्रार्थनेचा कोनाडा जागच्या जागी असावा. जेथे सर्व काही हलते आहे, तेथे न हलणारा एक कोपरा माणसाला फार मोठा आधार देतो.

काळजी माणसाला कोठवर नेऊ शकते, याचे उदाहरण आपल्या बडोद्यातच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराने केला. १८८१ साली, ऐन उमेदीच्या वयात, त्यांचा अंत झाला. आपल्या हिशेबात चूक राहून गेली आहे आणि आपण योजलेल्या इमारती कोसळतील, या भयाने त्यांच्या मनाला ग्रासले होते, असे सांगितले जाते. पुढे रॉबर्ट चिझम यांनी ते काम हाती घेतले आणि १८९० साली राजवाडा पुरा झाला. तो आजही उभा आहे. भूकंप आले, पूर आले, पण तो कोसळला नाही. केवढी ही करुण गोष्ट! इमारत भक्कम होती. खचले ते माणसाचे मन.

यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. भयाला मोजमाप द्यावे. भिंतीत भेग दिसली की रात्रभर तिच्याकडे पाहत बसू नये. भेगेच्या दोन्ही कडांना जोडणारी काचेची एक बारीक पट्टी घट्ट चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. काही महिन्यांनी काच अभंग असेल तर बहुधा भेग जुनी आहे आणि स्थिरावलेली आहे. काच तडकली असेल तर भिंत हलते आहे. तेव्हा लागलीच अभियंत्याला बोलवावे आणि त्या खोलीतील माणसे दुसरीकडे न्यावीत. दोन्ही पक्षी करावयाचे काय, हे ठरते. आणि जेथे करावयाचे ठरते, तेथे काळजीचा जोर ओसरतो.

तरीही कोणाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, किंवा ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द तोंडून निघू लागले, तर त्याला ‘धीर धर’ एवढेच सांगून सोडून देऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारने २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस केव्हाही बोलता येते. तेथे बोलण्यात कमीपणा नाही. आणि आठवड्यातील एक दिवस घरातील हातोडी बंद असावी. रविवार आपल्याला दिलेला आहे तो त्यासाठीच.

कधी कधी पुरेपूर पाहणी केल्यावर अभियंता सांगतो की हे घर आता सावरण्याजोगे राहिले नाही. अशा वेळी ते उतरवून घेणे हा पूर्वजांचा अपमान नव्हे. बडोद्यातील तांबेकर वाडा आपण पाहिला असेल. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. तेथील भिंतींवरची चित्रे पाहून डोळे निवतात. तो राखला गेला हे उत्तमच झाले. पण तेथे आता चूल पेटत नाही, पाळणा हलत नाही. सरकार भिंती राखू शकते, घरपण राखणे कुटुंबाच्याच हाती असते. आजोबांच्या घराचा एक चांगला खांब, एक कोरीव चौकट नव्या घरात बसवावी, आणि त्याच दारातून भावांनी एकमेकांकडे येत-जात राहावे. वारसा टिकला, असे मग खुशाल म्हणावे.

शेवटी आपल्याच गावची एक शिकवण. छाणीतील जैन ग्रंथभांडार जुन्या हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहे. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, अशा पोथ्या बाहेर काढून, झटकून, त्यांना हवा दाखविण्याची जैन समाजाची जुनी चाल आहे. एवढ्याशा वार्षिक दक्षतेने नाजूक कागद शतकानुशतके टिकतो. आपणही दरवर्षी पावसाळा संपला की एक दिवस ठरवावा. शिडी लावून कौले पाहावीत, पन्हळ साफ करावी, तुळयांची टोके ठोकून पाहावीत, पायाशी वाळवीची मातीची रेघ आहे का ते शोधावे. त्या दिवशी सर्व भावंडांना जेवावयास बोलवावे, म्हणजे कौलांबरोबर नात्यांचीही तपासणी होईल. जेथे गळते आहे तेथे एक कौल वेळीच बदलले, तर तुळई बदलण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

आपल्या घरावर, आणि घरापेक्षाही घरातील माणसांवर, परमेश्वराची कृपादृष्टी राहो.