पंख्यावांचून चालणारा संगणक

घरांत सर्वांना मिळून एक लहानसा संगणक असावा, तो दिवसभर चालूं राहावा आणि त्याला पंख्याची घरघर नसावी, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ कुटुंबांत दिसते. ती योग्यच आहे. ज्या खोलींत वडील मंडळी पोथी वाचतात, तेथेंच नातवंडांचा अभ्यास चालावयाचा, तर यंत्र मुकें असलेलें बरें. शिवाय आमच्या छत्रपति संभाजीनगरची धूळ! पंखा वारा आंत ओढतो, तसा धुरळाहि ओढतो, आणि कांहीं वर्षांत स्वतःच कुरकुरूं लागतो. परंतु पंखा काढल्यानें उष्णता नाहींशी होत नाहीं. प्रोसेसर जितकी वीज घेतो, तितकी सर्व शेवटीं उष्णतेचें रूप घेते. म्हणून अशा यंत्राची निवड प्रोसेसरापासूनच करावी लागते.

यांतील मुख्य रहस्य विजेच्या दाबांत आहे. दाब कमी केला तर वीजखर्च त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. दाब व गति हीं दोन्हीं थोडीं उतरविलीं, तर काम किंचित् मंद होतें. उष्णता मात्र पुष्कळच कमी होते. या तत्त्वाचा उपयोग कसा करावा, हें २००७ सालीं मुंबईपासून फार दूर नसलेल्या खैरात या खेड्याच्या शाळेंत दिसलें. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकन संस्थेचे हिरवे-पांढरे छोटे संगणक तेथील मुलांच्या हातीं आले. त्यांतील जिओड नांवाच्या प्रोसेसराची गति अवघी ४३३ मेगाहर्ट्झ, आणि खर्च एका वॅटहूनहि कमी. पंखा नाहीं, फिरती तबकडी नाहीं. विशेष म्हणजे प्रोसेसर कळपाटाखालीं न ठेवतां पडद्याच्या मागें बसविला होता, म्हणजे मुलांच्या हाताखालीं ऊब लागूं नये! त्या काळींहि वेगवान् प्रोसेसर मिळत होते. पण मुलांनीं वाचावें, लिहावें, चित्रें काढावीं, एवढें काम डोळ्यांपुढें ठेवून ही निवड झाली होती.

आज घरगुती उपयोगाला इंटेलचा एन-१०० हा प्रोसेसर आम्हांस पुरेसा वाटतो. तो २०२३ सालीं बाजारांत आला. त्याचीं केन्द्रें चार आणि अंगावरचा आंकडा सहा वॅटचा. सहा म्हणजे सहाच, असें एका दुकानदारानें आम्हांस छातीठोकपणें सांगितलें; तें खरें नव्हे. काम वाढतांच तो क्षणभर याच्या कित्येक पट वीज घेतो, आणि कांहीं कारखानदार सततची मर्यादाहि मूळ मांडणींत वाढवून ठेवितात. रास्पबेरी पायची पांचवी आवृत्ति स्वस्त व चतुर खरी, पण जड कामासाठीं तिचे निर्मातेच पंखा सुचवितात.

आतां आपल्या उन्हाळ्याचा हिशेब पाहा. दहा वॅट बाहेर टाकण्यास एखाद्या कवचाला खोलीपेक्षां तीस अंश अधिक तापावें लागतें, असें धरूं. पौषांत खोली वीस अंशांवर असतां कवच पन्नासावर राहील. वैशाखांत खोली चाळीसावर गेली कीं तेंच कवच सत्तरावर. प्रोसेसराला याची फारशी भीति नाहीं. त्याची मर्यादा १०५ अंशांची, आणि तेथें पोंचतांच तो आपली गति आपणच आवरतो. धोका त्याच्या शेजाऱ्याला, म्हणजे एस.एस.डी. या साठवणीच्या पट्टीला. ती बहुधा सत्तर अंशांपर्यंतच वापरावयाची असते. आणि घरचीं छायाचित्रें, दस्तऐवज, मुलांच्या वह्या, सारें कांहीं तिच्यावरच! त्या ठेवीची दुसरी प्रत अन्यत्र हवीच.

म्हणून विक्रेत्याला गति विचारण्यापूर्वीं सततची वीजमर्यादा किती ठेविली आहे व ती सहा वॅटवर आणतां येईल काय, हें विचारावें. कवच अॅल्युमिनियमचें, जड व पन्हळीदार असावें. यंत्र पन्हळी उभ्या राहतील असें, मोकळ्या जागीं ठेवावें, फडताळांत कोंडूं नये. सुनेनें हौसेनें विणलेला रुमालहि त्यावर घालूं नये. त्याची शोभा टेबलावर! दहा वॅटचें यंत्र वर्षभर अखंड चाललें तरी ८८ युनिटांच्या आंतच वीज घेतें, तेव्हां थोड्या अधिक वजनाच्या कवचाला चार पैसे जास्त पडले तरी हात आंखडूं नये.

खरेदी शक्य तर चैत्र-वैशाखांत करावी, आणि परत करण्याची मुदत ठरवून घ्यावी. भर दुपारीं दोन तास चलच्चित्र लावून कवचावर तळहात ठेवून पाहावा; तो ठेववत नसेल, तर वीजमर्यादा उतरवून पुन्हां पाहावें, आणि तरीहि चटका बसला तर यंत्र परत करावें.