मालिका कुणाच्या सोयीने संपते?

दूरचित्रवाणीवरील मालिका लांबली की घरोघरी कुरकुर सुरू होते. पण ती थांबवायची की नाही, याचा निर्णय वाहिनी घेते. व्हिडिओ गेमच्या मालिकांचेही तसेच आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' आता पुरे झाली का, 'असॅसिन्स क्रीड'ने काही वर्षे विश्रांती घ्यावी का, फुटबॉलचा नवा खेळ दरवर्षी हवाच का, असे वाद जगभरातील खेळाडूंमध्ये सतत रंगत असतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराला हा वाद परक्या घरचा वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मराठवाड्यातील, किंबहुना महाराष्ट्रातील बहुतेक मध्यम शहरांतील एका पिढीने या प्रश्नावर आपला निकाल फार पूर्वीच दिला आहे, आणि तोही कृतीने. त्या निकालाचे नाव 'क्रिकेट ०७'.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजेच ईए, या अमेरिकी कंपनीने १९९६ मध्ये आपली क्रिकेट मालिका सुरू केली. पुढे तिच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. नोव्हेंबर २००६ मध्ये 'क्रिकेट ०७' बाजारात आली. ती घडवली होती कॅनडातील एचबी स्टुडिओज या कंपनीने. वेष्टनावर अँड्र्यू फ्लिंटॉफ झळकत होता आणि खेळाचा सगळा भर ॲशेस मालिकेवर होता. (त्याच हंगामातील खरी ॲशेस फ्लिंटॉफच्या इंग्लंडने ०-५ अशी गमावली, हा भाग वेगळा.) भारतीय संघाचा अधिकृत परवाना कंपनीकडे नसल्याने आपल्या खेळाडूंची नावे खेळात मोडून-तोडून दिलेली होती. क्रिकेटचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग ज्या देशात आहे, त्याच देशाचा संघ असा टोपणनावाने खेळत होता. त्यानंतर संगणकासाठी वा कन्सोलसाठी ईएने क्रिकेटचा एकही नवा खेळ आणला नाही. मालिका तेथेच संपली.

कंपनी थांबली, खेळणारे थांबले नाहीत

त्या काळी औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात सायबर कॅफेंचा जमाना होता. महाविद्यालये आणि शिकवणी वर्गांच्या आसपास, औरंगपुरा, उस्मानपुरा, सिडको अशा भागांत तासाच्या भाड्यावर संगणक मिळत. प्रवेश परीक्षेचे अर्ज भरण्याच्या निमित्ताने आत शिरलेली मुले 'वाइस सिटी', 'काउंटर स्ट्राइक' आणि 'क्रिकेट ०७' यांच्यापुढे बसलेली आढळत. घरी संगणक आला की त्यात पहिल्या आठवड्यात हा खेळ उतरे. मूळ सीडी विकत घेणारे विरळाच. मित्राकडून उतरवून घेतलेली प्रत हीच रीत होती. कंपनीच्या हिशेबात हा देश ग्राहक म्हणून फारसा दिसलाच नसेल, तर त्याचे एक कारण हेही आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे. २००७ मध्ये भारताने टी-२० विश्वचषक जिंकला, २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि 'क्रिकेट ०७'मध्ये यातले काहीच नव्हते. ही उणीव हौशी खेळाडूंनी भरून काढली. त्यांनी संघांच्या याद्या बदलल्या, मोडकी नावे दुरुस्त केली, नव्या जर्सी, नव्या बॅट, खेळाडूंचे चेहरे आणि मैदाने तयार केली. या जोडण्यांना 'पॅच' म्हणत. पेनड्राइव्हमधून ते एका घरातून दुसऱ्या घरात जात. दर मोसमाला आयपीएलचा नवा पॅच येई आणि २००६ च्या खेळात नव्या वर्षाचे संघ उतरत. या कामाचा एक रुपयाही कंपनीला मिळाला नाही. तिने तो मागितल्याचेही ऐकिवात नाही. कंपनीच्या लेखी बंद पडलेली मालिका अशा रीतीने दहा वर्षांहून अधिक काळ चालू राहिली.

ही केवळ चिकाटीची किंवा स्मरणरंजनाची गोष्ट मानली तर तिच्यातला मुद्दा निसटतो. 'क्रिकेट ०७' हा उत्तम खेळ होता असे कोणी म्हणणार नाही. संगणकाची गोलंदाजी काही दिवसांत ओळखीची होई. एकदा टप्पा कळला की षटकामागे वीस धावा काढणे अवघड नसे. क्षेत्ररक्षणात जिवंतपणा कमी आणि कसोटीचा कस तर जवळपास नव्हताच. तरीही लोक खेळत राहिले, कारण त्यात करण्यासारखे पुष्कळ शिल्लक होते आणि ते करणारे दुसरे कोणी समोर नव्हते. मालिका चालू ठेवावी की थांबवावी, हे ठरवताना लावायची कसोटी येथेच सापडते: त्या खेळात अजून घडवण्यासारखे काही उरले आहे काय? या कसोटीवर ईएने क्रिकेट फार लवकर सोडले.

पोकळी भरण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीची ब्रायन लाराच्या नावाने चालणारी मालिका २००७ मध्ये भारतात युवराजसिंगच्या नावाने आली. २०१३ मध्ये आलेला ॲशेसवरील एक खेळ इतका कच्चा निघाला, की काही दिवसांतच तो मागे घेऊन ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. २०१४ पासून मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने हे काम नेटाने चालवले आहे आणि 'क्रिकेट २४'मध्ये आयपीएलचे काही संघही आले. त्यांची मालिका चालूच राहायला हवी. त्यांच्या मार्गातला मोठा अडथळा तंत्रज्ञानापेक्षा परवान्यांचा आहे. भारतीय संघाचे नाव, चेहरे आणि जर्सी यांचे हक्क मिळवणे ही या धंद्यातली सर्वांत महागडी फलंदाजी आहे.

जी थांबत नाही ती

याच ईएची फुटबॉल मालिका मात्र थांबण्याचे नाव घेत नाही. १९९३ मध्ये सुरू झालेली 'फिफा' मालिका २०२२ मधील 'फिफा २३'पर्यंत चालली. पुढे जागतिक फुटबॉल महासंघाशी नावाच्या हक्कावरून फिसकटल्यावर २०२३ पासून तोच खेळ 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येऊ लागला. नाव गेले, परवाना गेला, तरी वार्षिक आवृत्ती चुकली नाही. दरवर्षी बदलते काय? संघ, जर्सी, काही हालचाली. हे बदल अल्प शुल्कात जुन्याच खेळात पुरवता आले असते. 'क्रिकेट ०७'च्या पॅचवाल्या पोरांनी ते फुकटात करून दाखवले होते.

तसे होत नाही, याचे कारण उत्पन्नाच्या रचनेत आहे. 'अल्टिमेट टीम' या प्रकारात खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे विकली जातात. आत कोण निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवले आणि पुढच्या वर्षी ईएला त्या देशातली पैशांवरची विक्री थांबवावी लागली. नवी आवृत्ती आली की आदल्या वर्षी जमवलेला संघ जुन्या खेळातच मागे राहतो आणि खरेदी पहिल्यापासून सुरू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी व अन्य गुंतवणूकदारांनी ईए ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्यातील सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाचे. एवढे कर्ज डोक्यावर असलेली कंपनी हमखास उत्पन्नाच्या मालिकेला वर्षभराची विश्रांती देईल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. वस्तुतः वार्षिक आवृत्तीची पद्धत जर कुठे प्रथम थांबायला हवी, तर ती येथेच.

'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे उदाहरण नेमके उलट. तिचा पाचवा भाग २०१३ चा. सहाव्याची तारीख २०२५ मध्ये दोनदा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ करण्यात आली. तेरा वर्षांचा खंड पडूनही उत्सुकता ओसरली नाही. मधल्या काळात जुन्या भागाच्या ऑनलाइन आवृत्तीने बक्कळ कमावले म्हणून हा संयम परवडला, हेही खरे.

पुण्यातल्या हातांचे काय?

या चर्चेत महाराष्ट्राची भूमिका केवळ खेळणाऱ्याची असती, तर ती येथेच संपवता आली असती. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी सुमारे २३५ किलोमीटरवरच्या पुण्याची वाट धरतो, आणि खेळ घडवणारे स्टुडिओही पुण्यात आहेत. त्यामुळे परदेशातील एखादी मालिका थांबली की त्याचे पडसाद इथल्या घरांतही उमटू शकतात.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे त्याचे ठळक उदाहरण. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये घडवलेला हा खेळ नव्वदच्या दशकात डॉसवर चालणाऱ्या संगणकांतून असंख्य मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. तलवार घेऊन उड्या मारणारा तो राजपुत्र अनेकांनी संगणकावर पाहिलेला पहिला नायक असेल. २००३ मधील 'सँड्स ऑफ टाइम'ने मालिकेला दुसरा जन्म दिला. त्याच भागाची नवी घडण करण्याचे काम फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवले व सप्टेंबर २०२० मध्ये तशी घोषणा झाली. एवढ्या नावाजलेल्या मालिकेची धुरा भारतीय स्टुडिओंकडे येणे ही लहान गोष्ट नव्हती. पहिली झलक पाहून जगभरातून टीका झाली, खेळाची तारीख लांबली आणि २०२२ मध्ये हे काम कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीच्या पुनर्रचनेत ते कायमचे रद्द झाले.

टीका सर्वस्वी अन्यायाची होती असे नाही. ती झलक खरोखरच जुनाट दिसत होती. तथापि दुसऱ्या स्टुडिओलाही जवळपास चार वर्षांत हा खेळ पूर्ण करता आला नाही, हे ध्यानात घेतले तर दोष केवळ पुणे-मुंबईच्या माथी मारता येत नाही. या मालिकेत घडवण्यासारखे उरले होते, हे जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या 'द लॉस्ट क्राउन'ने सिद्ध केलेच होते. समीक्षकांनी तो खेळ वाखाणला. विक्री मनाजोगी झाली नाही म्हणून कंपनीने तो घडवणारा गटही अन्य कामांवर विखुरला. चांगला खेळ घडवणे हे मालिका चालू राहण्यास पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण अद्याप जिवंत आहे. 'रिअल क्रिकेट' ही मोबाइलवरील मालिका पुण्याच्या नॉटिलस मोबाइल या कंपनीची. २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला, सायबर कॅफे ओस पडले आणि 'क्रिकेट ०७'ची जागा खिशातल्या फोनने घेतली. तेव्हा या पुणेरी मालिकेने आणि चेन्नईच्या 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप'ने ती पोकळी भरली, जी ईएने वाऱ्यावर सोडली होती. २०२५ मध्ये नॉटिलसचा बहुतांश हिस्सा क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने घेतला. भारतात 'बीजीएमआय' चालवणारी हीच कंपनी. भांडवल आले, ही जमेची बाजू. आता पुण्यातल्या क्रिकेटच्या मालिकेचे भवितव्य सोलमध्ये ठरणार, ही दुसरी.

मालिका संपण्याचा धोका मोबाइलवर अधिक कडक स्वरूपात येतो, हे 'बीजीएमआय'च्याच इतिहासात दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये ती नव्या नावाने परतली, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून टाकण्यात आली आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आली. 'क्रिकेट ०७'ला असा धक्का देणे कोणाला शक्य नव्हते, कारण तो खेळ ज्याच्या त्याच्या संगणकात होता. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळात पॅच करणाऱ्या मुलांना हात घालायला जागाच उरत नाही.

विकत घेतले ते काय?

युरोपात या प्रश्नाने राजकीय रूप घेतले आहे. युबिसॉफ्टने आपला 'द क्रू' हा मोटार शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला; पैसे मोजून घेतलेली प्रतही त्या दिवसापासून निरुपयोगी झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपीय नागरिक याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: कंपनीने खेळ खुशाल थांबवावा, पण जाताना तो खेळण्याजोगा ठेवून जावे.

भारतात २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला; त्याचा मुख्य रोख पैशांच्या खेळांवरील बंदीकडे होता. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्याभोवतीची चर्चा गुंतवणूक आणि रोजगार यांपुरतीच राहिली. खेळणाऱ्याच्या हाती उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यातील ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे उद्या एखादी मोबाइल मालिका बंद पडली आणि तिच्यात खर्चलेले पैसे बुडाले, तर छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावता येईल. तेथे कंपनीचा वकील पहिल्यांदा पुढे करील तो अटी-शर्तींचा कागद, ज्यात बहुधा लिहिलेले असते की ग्राहकाने खेळ विकत घेतलेलाच नाही, वापरण्याची परवानगी तेवढी घेतली आहे.