पडदा आधी की गुरुजी आधी?



कार्यक्षेत्रातील शाळांना शिक्षण निधीतून स्मार्ट बोर्ड, टॅब द्यावेत अशी मागणी हल्ली वार्षिक सभेच्या तोंडावर कानावर येते. मागणी चांगल्या मनाने होते, तिला विरोध करायचा नाही. परंतु हा पैसा उसाच्या बिलातून आलेला आहे. म्हणून खरेदीच्या आधी दोन शब्द.

आपल्याला ठिबकचा अनुभव आहे. ज्याने पाणी-खताचे वेळापत्रक समजून घेतले, फिल्टर वेळेवर धुतला, त्याचा उतारा वाढला. ज्याने केवळ अनुदान मिळते म्हणून संच घेतला, त्याच्या नळ्या आज बांधावर गुंडाळून पडल्यात, उंदरांनी कुरतडल्यात. संच तोच, कंपनीही तीच. फरक माणसाचा. शाळेतल्या यंत्राचेही असेच आहे.

हा विषय नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन, आपल्या देशाने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसवले. शेजारचे कर्नाटक त्यात होते. सकाळी पोरांसाठी शाळेचे पाठ, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती-आरोग्याची माहिती. त्या काळी कित्येक गावांनी पहिला पडदा तोच पाहिला. पण नुसते संच वाटून कोणी मोकळे झाले नाही. कार्यक्रम कुठल्या भाषेत हवा, संच बिघडला तर दुरुस्तीला कोण जाणार, याची व्यवस्था सोबत केली होती.

उलटे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे. तिथल्या सरकारने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. खेड्यांतील ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल आला. मुले संगणक वापरू लागली, पण गणित आणि भाषा यांत काही सुधारणा दिसली नाही. यंत्र पोचले, शिकवणे होते तिथेच राहिले.

आता आपल्या जवळचे पाहा. माढा तालुक्यातील परितेवाडी हे लहानसे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. पालकाच्या मोबाईलवर कोड धरला की पाठ दिसतो, कविता ऐकू येते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आधी गुरुजींना कल्पना सुचली, यंत्र मागून आले. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. आमच्या भागातल्या एका शाळेत तो उलटा झाला. कुणीतरी दिलेला प्रोजेक्टर दोन वर्षे कपाटात आहे. दिवा गेला, नवा कोण आणणार? वीजबिल थकले, ते कोण भरणार? देणगीदाराचा फोटो मात्र भिंतीवर झकास आहे!

तेव्हा माझी पहिली सूचना : ज्या शाळेचे शिक्षक स्वतः मागणी करतील आणि कुठला धडा यंत्रावर कसा शिकवणार ते सांगतील, त्याच शाळेला साहित्य द्यावे. दुसरी : किंमतीबरोबर पाच वर्षांची दुरुस्ती आणि वीज यांची तरतूद त्याच ठरावात करावी. दहा शाळांना पडदा देऊन विसरण्यापेक्षा चार शाळांना देऊन निभावलेले बरे.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांच्यासोबत पोरेही येतात. गावाकडची शाळा अर्ध्यावर सुटते, इथे ती कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात, नाहीतर वाढे गोळा करतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांना जवळच्या शाळेत बसता येते, पण थळातून शाळेपर्यंत त्यांना नेणार कोण?

खरे तर या पोरांनाच डिजिटल साधनाचा उपयोग अधिक. मराठी शाळांत बालभारतीचे पुस्तक बीडला असते तेच आपल्याकडे असते. 'दीक्षा' ॲपवरचे पाठ एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेट नसले तरी चालतात. गाडीतळावर एक पत्र्याची खोली, एक दिवा, पाच-सहा टॅब आणि मानधनावर एक शिकवणारा माणूस एवढी सोय केली, तर तिसरीतली पोरगी एप्रिलमध्ये गावी परत गेल्यावर वर्गात मागे पडणार नाही. माणूस मात्र हवाच. नुसता टॅब दिला तर त्यावर सिनेमे चालतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण मुकादमाच्या मागे धावतो. त्या तोडणाऱ्यांची पोरे मोठेपणी पुन्हा कोयता घेऊनच आपल्या फडात यावीत काय, याचा विचार संचालक मंडळाने आणि आपण सभासदांनी येत्या सभेत करावा, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद