आधी बाकावरचा शेजारी

‘ग्लोबल सिटिझनशिप’ म्हटलं की मला कागदी झेंडे आठवतात. पुण्यातल्या एका इंटरनॅशनल शाळेत मी दोन वर्षं मराठी शिकवत होते. तिथं दरवर्षी जागतिक सप्ताह भरायचा. एक वर्ग जपान, एक मेक्सिको, एक केनिया. पालक सुशी आणायचे (अर्थात ऑर्डर केलेली), मुलं किमोनो घालून फोटो काढायची आणि शुक्रवारी सगळे मिळून विश्वबंधुत्वाची शपथ घ्यायचे. मुलांना मजा यायची, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या शपथेबद्दल आहे, कारण ती फुकटात पडते. केनियातल्या मुलावर प्रेम करायला काय जातं? तो काही तुमच्या बाकावर बसायला येत नाही.

बाकावर बसायला येतो तो आरटीईतला मुलगा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना, अल्पसंख्याक संस्था वगळता, प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेची यातून सुटका. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं हा बदल रद्द केला. मधल्या काळात ‘ही सूट आम्हाला नको’ असं एखाद्या जागतिक नागरिक घडवणाऱ्या शाळेनं म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. उलट शाळांची एक संघटना निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथं तिला दाद मिळाली नाही. सरकार प्रतिपूर्तीचे पैसे वर्षानुवर्षं थकवतं, हे शाळांचं म्हणणं खरं आहे. पण मग भांडण सरकारशी करा ना! मुलाला गेटबाहेर ठेवून ते कसं सुटणार?

आता ‘शांततामय संघर्ष निराकरणा’कडे येते. आमच्या प्रत्येक वर्गात ‘पीस कॉर्नर’ होता. गालिचा, दोन उशा, भिंतीवर भावनांचा तक्ता. पाचवीतल्या एका आरटीईच्या मुलाला दुसरा एक मुलगा कित्येक दिवस ‘फुकट्या’ म्हणत होता. एके दिवशी यानं त्याला ढकललं. लगेच दोघांची रवानगी पीस कॉर्नरमध्ये. ‘तू असं केलंस तेव्हा मला असं वाटलं’ या साच्यात दोघं एकेक वाक्य बोलले, दोघांनी सॉरी म्हटलं, हात मिळवले. दहा मिनिटांत प्रकरण मिटलं आणि तशी नोंदही झाली. दहा वर्षांच्या पोराला ‘फुकट्या’ हा शब्द कुठून मिळाला, हे कुणी विचारलं नाही. कारण तो प्रश्न गालिच्यावर मावला नसता. तो पालकांपर्यंत गेला असता, तिथून फीपर्यंत आणि मॅनेजमेंटपर्यंत.

नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६०च्या दशकातच सांगून ठेवलंय की मारामारी थांबणं ही अर्धीच शांतता. व्यवस्थेतला अन्याय तसाच असेल तर ती हिंसाच आहे, फक्त कुणाचा हात दिसत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या नावाची स्लाइड होती. स्लाइडच होती.

आपल्याकडे हे काम एका शाळामास्तरानं करून दाखवलंय. साने गुरुजी. ‘श्यामची आई’ वाचून रडण्यापलीकडे आपण त्यांना फारसं ओळखत नाही, हे आपलं दुर्दैव. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा माणूस तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकला आणि त्यानं ‘कुरल’ मराठीत आणलं. दुसऱ्या संस्कृतीची ओळख म्हणजे तिच्या व्याकरणाशी झटापट, तिचा पोशाख घालून फोटो नव्हे. त्यांची ‘आंतरभारती’ची कल्पना याच घामातून आली. आणि त्यांची शांतता? पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, मग १ मे १९४७ पासून उपोषण केलं आणि मंदिर खुलं करायचं कबूल झाल्यावर १० मे रोजी सोडलं. कुणावर हात उगारला नाही. पण ‘दोन्ही बाजूंनी सॉरी म्हणा’ असंही म्हणाले नाहीत. झाकलेलं भांडण त्यांनी आधी चव्हाट्यावर आणलं. या मास्तरांना आजच्या शाळेनं ‘निगेटिव्ह एनर्जी’ म्हणून नोटीस दिली असती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिकत्व आहे, संयुक्त राष्ट्रांच्या २०३०च्या उद्दिष्टांतही आहे. म्हणजे झेंडे वाढणार. तुमच्यापैकी कितीतरी जण फेलोशिपवर असतात, शाळांत जाऊन अशी सत्रं घेतात. पुढच्या सत्राआधी प्रोजेक्टर लावण्यापूर्वी ऑफिसात जाऊन विचारा: आरटीईची मुलं सहलीला येतात का? त्यांच्या सहलीचे पैसे कोण भरतं? गॅदरिंगच्या ड्रेसचे? आणि वर्गात कुणाच्या शेजारी कोण बसतं?