दोष आधी, अलंकार नंतर : मोटारीतल्या गाण्याविषयी

संस्कृत काव्यशास्त्र शिकवताना मम्मटाच्या काव्यलक्षणापाशी आम्ही दरवर्षी जरा अधिक रेंगाळतो. अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने ‘काव्यप्रकाशा’त काव्य कशाला म्हणावे हे सांगताना जो क्रम लावला आहे, तो मोठा विचार करायला लावणारा आहे. आधी दोषांचा अभाव, त्यानंतर गुणांचे अस्तित्व; आणि अलंकार? ते एखाद्या ठिकाणी नसले तरी चालेल. विद्यार्थ्यांना हा क्रम काहीसा रुक्ष वाटतो. सौंदर्याची सुरुवात दोष काढण्यापासून करायची, ही कल्पना तरुण वयात पटत नाही. आमचे प्रतिपादन असे आहे, की मोटारीबरोबर आलेल्या स्टिरिओचा आवाज सुधारू पाहणाऱ्याने नेमका हाच क्रम पाळावा. विषय वरवर पाहता हलकाफुलका वाटेल. पण आमच्यासारख्या अनेकांचे सलग गाणे ऐकणे आता मोटारीतच उरले आहे, आणि मराठीत भावगीत हा कवितेचा लोकांपर्यंत पोचण्याचा एक मोठा मार्ग राहिला आहे. तेव्हा त्या मोटारीत शब्द ऐकू येतो की नाही, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने परका मानण्याचे कारण नाही.

प्रथम ‘इक्वलायझर’ या शब्दाकडे पाहू. आज त्याचा अर्थ ‘आवाज खुलवण्याची सोय’ असा घेतला जातो. मूळ अर्थ वेगळा आहे. दूरध्वनीच्या लांब तारांमधून जाताना उंच कंप्रतेचे, म्हणजे दर सेकंदाला अधिक कंपने असलेले, ध्वनी जास्त क्षीण होत. ती घट भरून काढून सर्व कंप्रतांना पुन्हा समान पातळीवर आणणे, हे ज्या योजनेचे काम तिला हे नाव मिळाले. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीतही असेच होते. तबकडीवर ध्वनी कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम कमी करीत आणि उंच भाग वाढवीत. वाजवताना यंत्र तेच उलट करी. या रीतीला 1954 मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने जे प्रमाण ठरवून दिले, ते पुढे जगभर रूढ झाले. म्हणजे या साधनाचे कुळ पाठचिकित्सेचे आहे. प्रवासात झालेली हानी ओळखायची आणि मूळ संहितेच्या शक्य तितके जवळ जायचे, एवढाच त्याचा मूळ व्यवसाय. पुढे घराघरांत आणि मोटारीमोटारींत पोचताना त्याने चिकित्सा सोडली आणि सजावटीचे काम पत्करले.

आता शब्द कोठे राहतो ते पाहू. माणसाच्या कानाची मर्यादा ढोबळमानाने 20 ते 20,000 हर्ट्झ अशी सांगतात. परंतु जुन्या दूरध्वनीने केवळ सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेला, आणि तेवढ्यावर कित्येक पिढ्यांचे बोलणे निभावले. बोलण्याचा अर्थ मुख्यतः याच मधल्या पट्ट्यात असतो. स्वरांचे बळ बव्हंशी खालच्या बाजूला, तर व्यंजनांची धार वरच्या बाजूला. मराठीचे एक उदाहरण घेऊ. ‘चंद्र’ या शब्दातला तालव्य ‘च’ आणि ‘चांदणे’ या शब्दातला दंततालव्य ‘च’ लिपीत एकच आहेत. वेगळेपण केवळ उच्चारात आहे. त्यांच्यातील घर्षणाचा जो अंश आहे, तो तालव्य ‘च’मध्ये ‘श’च्या जवळचा आणि दंततालव्यात ‘स’च्या जवळचा. ‘स’चे बळ ‘श’पेक्षा बरेच उंच कंप्रतांवर असते. गाणे ऐकताना हा फरक ज्याला स्पष्ट कळतो, त्याला गायकाचे मराठीपण कळते. लिपी जे सांगत नाही ते येथे केवळ ध्वनीच सांगतो, आणि ध्वनी झाकोळला तर सांगणारे दुसरे कोणी नाही.

कारखान्यातून आलेल्या स्टिरिओत हा झाकोळ कसा येतो? पुष्कळशा मोटारींत खर्ज आणि तार या दोन्ही टोकांना उठाव दिलेला आढळतो. ही मांडणी आलेखावर काढली तर मधोमध दरी पडते. त्या दरीत गायकाचा आवाज असतो. असे करणाऱ्यांना आम्ही अरसिक म्हणणार नाही, कारण त्यामागे काही कारणे आहेत. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी जाणवतो. म्हणूनच ‘लाउडनेस’ नावाचे बटण जन्माला आले. शिवाय धावत्या मोटारीत टायर, रस्ता आणि इंजिन यांची जी घरघर असते, ती मुख्यतः खालच्या कंप्रतांची. ती गाण्यातला खर्ज गिळते. त्याला पर्याय म्हणून खर्ज वाढवणे समजण्यासारखे आहे. आमचा आक्षेप प्रमाणाला आणि सक्तीला आहे. मोठा खर्ज त्याच्या वरच्या कंप्रतांना झाकतो. वरच्या कंप्रता खर्जाला तितक्या झाकत नाहीत. हे कानाच्या रचनेतच आहे. त्यामुळे वाढवलेला खर्ज स्वतःपुरता राहत नाही. तो शब्दाच्या अंगावर येतो. विक्रीच्या दालनात पाच मिनिटे ऐकणाऱ्याला मात्र हाच दणका ‘भारदस्त’ वाटतो, आणि आमच्या समजुतीने ही मांडणी टिकून राहण्याचे एक कारण तेच असावे.

यात भर पडते ती आपल्या हौसेची. आवाज आवडला नाही की आपला हात सहसा वाढवण्याकडेच जातो. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. कोणत्याही पट्ट्याची पातळी 3 डेसिबलने वाढवायची तर शक्ती दुप्पट लागते, 6 डेसिबलसाठी चौपट, 9 डेसिबलसाठी आठपट. संचावर ‘50 वॅट × 4’ असे छापलेले असले तरी तो क्षणिक कमाल आकडा असतो. सातत्याने मिळणारी शक्ती दर स्पीकरला साधारण 15 ते 20 वॅटच्या आसपास असते. दारातला कागदी शंकूचा लहान स्पीकर अगदी खोल खर्ज निर्माणच करू शकत नाही. त्याच्याकडून तो मागितला की स्पीकर फडफडतो, किंवा शक्ती अपुरी पडून ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात. कानाला त्याचा करकरीत त्रास होतो. मग तो त्रास लपवण्यासाठी तार वाढवायचा, आणि तारामुळे ‘स’ टोचू लागला की पुन्हा खर्ज. एका अलंकाराचा दोष दुसऱ्या अलंकाराने झाकण्याची ही रीत वाचकांना काही कवितांवरून परिचयाची असेल.

मम्मटाचा क्रम लावायचा तर काय करावे? आम्ही तारोडीत राहतो. येथून डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा ही गावे मागे टाकीत भाईंदर पश्चिमेला पोचणारा रस्ता आमचा रोजचा. या एका वाटेवर स्तब्धता, संथ गती आणि स्टेशनजवळचा कोलाहल असे तिन्ही प्रकार मिळत असल्याने कानाच्या परीक्षेला ती बरी आहे. आमची रीत सांगतो. मोटार तारोडीत एखाद्या शांत जागी उभी करावी, काचा लावाव्यात. बास, मिड, ट्रेबल हे सर्व शून्यावर आणावे, ‘लाउडनेस’ बंद करावा. गाणे फोनवरून येत असेल तर फोनमधील इक्वलायझरही बंद आहे ना, ते पाहावे. एकाच संहितेवर दोन संपादकांनी एकमेकांच्या नकळत काम केले तर जे होते तेच येथे होते. नंतर डावा-उजवा आणि पुढचा-मागचा तोल सांभाळावा, कारण चालक नेहमीच एका दाराला चिकटून बसलेला असतो.

मग जिचे शब्द पाठ आहेत अशी एखादी रचना लावावी, शक्यतो मोजक्या वाद्यांची. प्रथम बास एकेक पायरी उतरवावा. गायकाच्या आवाजावरची गुरगुर जिथे दूर होते आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा मात्र शिल्लक राहतो, तिथे थांबावे. बहुधा एक-दोन पायऱ्या पुरतात. मिडला शक्यतो हात लावू नये; आवाज दूर गेल्यासारखा वाटलाच तर एक पायरी द्यावी. ट्रेबल शेवटी. ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू यावेत, पण सुईसारखे टोचू नयेत, ही त्याची कसोटी. दोन मांडण्यांची तुलना करताना एकूण आवाज सारखा ठेवणे अगत्याचे, नाहीतर कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणून मोकळा होतो. एवढे झाल्यावर मुर्ध्यापर्यंत जावे. चाकांची घरघर सुरू झाल्यावर खर्ज पातळ वाटला तर मोटार थांबवून एक पायरी परत द्यावी, चालवताना नव्हे. भाईंदरच्या गर्दीत जे ऐकू येत नाही, त्यासाठी काही करू नये. तिथला दोष स्टिरिओचा नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. संचावर तयार मांडण्या असतातच : रॉक, पॉप, जॅझ, क्लासिकल, क्वचित व्होकल. त्यांतली एक निवडली की झाले, एवढा खटाटोप कशाला? साहित्यप्रकारांची लेबले लावून वाचन होत नाही, हे आपण वर्गात रोज सांगतो. तेच उत्तर येथे आहे. ‘क्लासिकल’ म्हणजे त्या मांडणीच्या दृष्टीने पाश्चात्त्य वाद्यवृंद. तंबोरा आणि एक कंठ एवढ्यावर उभी राहिलेली मैफल तिच्या हिशेबात नसते. भावगीत, अभंग, लावणी यांची नावे त्या यादीत नाहीत याचे आम्हांस वैषम्य नाही. ती असती तरी कोणाच्या तरी ठरीव कल्पनेतलेच भावगीत आपल्या वाट्याला आले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुम्ही शब्दाला सर्वस्व मानता, पण गाणे म्हणजे केवळ शब्द नव्हे. उत्तन-डोंगरीच्या या पट्ट्यात कोळीगीते वाजतात, ईस्ट इंडियन समाजाच्या लग्नकार्यात घुमट वाजतो. अभंगाला पखवाजाची थाप लागते. तिथे खर्ज उतरवणे म्हणजे गाण्याचे हृदयच काढून घेणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. औचित्याचा प्रश्न आहे, आणि अशा रचनांना खर्जाची एक पायरी अधिक द्यावी. पण ज्याने एकदा सर्व शून्यावर आणून ऐकले आहे, त्यालाच ती पायरी किती आणि का द्यायची हे ठरवता येते. शिवाय कोळीगीतालाही शब्द आहेत, आणि ते बोलीतले आहेत. प्रमाणभाषेतला झाकलेला शब्द श्रोता सवयीने भरून घेतो. बोलीतला शब्द एकदा ऐकू आला नाही की नवख्या श्रोत्याला तो मिळतच नाही.

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मम्मटावर चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त टीका केली, ती अशी की सर्वस्वी निर्दोष असे काव्य मिळणार तरी कोठे? किड्याने पोखरलेले रत्न रत्न राहते, तसे सदोष काव्यही काव्य राहते. मोटारीची पोकळी सर्वस्वी निर्दोष होणार नाही. जे मूळ ध्वनिमुद्रणात नाही, ते कोणताही इक्वलायझर आणू शकत नाही. आणि त्याची गरजही वाटते तितकी नसते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून प्रसारित होऊ लागले. छप्पन्न गीते महाराष्ट्राने मध्यम लहरींच्या रेडिओवर ऐकली. त्या संचांतून आजच्या अर्थाने खोल खर्जही येत नसे आणि झगझगीत तारही. जे येत असे ते मधले. तरीही लोकांना ती गीते मुखोद्गत झाली. फडके यांचा स्वच्छ उच्चार हे त्याचे मुख्य कारण खरेच. पण तो उच्चार ज्या पट्ट्यात होता तो पट्टा त्या साध्या रेडिओने झाकला नाही, हेही कारण आहे.

विद्यार्थी गीतांच्या ओळी उद्धृत करतात तेव्हा त्यांत कधी कधी भलतेच शब्द आलेले आम्ही पाहतो. आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट यांच्या कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून ज्यांनी प्रथम ऐकल्या, त्यांच्यासाठी पहिली संहिता ऐकलेलीच असते. पुस्तक असलेच तर नंतर येते. त्या संहितेत पाठभेद शिरतात ते श्रवणातून, आणि त्यांतले काही तरी दारातल्या स्पीकरच्या गुरगुरीतून आलेले असावेत असा आमचा संशय आहे. कवितेचे पुस्तक हाती घेऊन ओळ तपासणे हा त्यावरचा खरा उपाय आहे आणि आम्ही तो सांगत राहूच. तोवर खर्जाची खिट्टी दोन पायऱ्या खाली घेण्यास काही खर्च येत नाही. ज्यांचे अनुभव वेगळे असतील, विशेषतः ज्यांना खर्जाची बाजू घ्यावीशी वाटते, त्यांनी ती अवश्य मांडावी. मात्र आधी एकवार सर्व शून्यावर आणून, आपल्या आवडीची एक कविता शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच आमची विनंती.