जहाजाच्या कानाची खोली

सोनार म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो तोळा-मासा तोलणारा कारागीर. युद्धनौकेवरचा सोनार निराळा. ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालची वस्तू हुडकणारे हे यंत्र. जहाजाच्या तळाशी, पाण्याने भरलेल्या एका घुमटात, आवाज सोडणारे आणि टिपणारे त्याचे घटक असतात. सोडलेला आवाज समुद्राच्या पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, पाणबुडीवर आपटतो आणि परततो. किती वेळाने परतला, यावरून अंतर कळते.

यंत्राचे कौतुक होते. ते जिथे राहते त्या खोलीचे मात्र कोणी नाव काढत नाही. घुमटाच्या वर, जहाजाच्या पोटात हा कप्पा असतो. तो तयार करायचा तर जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळाचा पत्राच कापावा लागतो. जो पत्रा समुद्राला बाहेर ठेवतो, त्यालाच भोक! केबली आत घेण्यासाठी भिंतींना आणखी भोके. यातले प्रत्येक पाणबंद झालेच पाहिजे. वेल्डिंगचा जोड तपासण्याची एक जुनी युक्ती तर स्वयंपाकघरातही समजेल अशी आहे. जोडाच्या एका बाजूला खडूचा पातळ लेप द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल फासायचे. पांढऱ्यावर तेलकट डाग उमटला, की जोड पुन्हा करायचा.

मग यंत्राची कपाटे आत न्यायची. नवे कपाट चाळीच्या जिन्यात अडकते, तशीच गत इथेही होते. जहाजाची दारे अरुंद, त्यामुळे कधी डेकच कापून वाट करावी लागते. हादऱ्याने नाजूक भाग निखळू नयेत म्हणून कपाटांखाली खास टेकू बसवतात. थंड हवा यंत्राला आधी, खलाशांना नंतर! आणि आवाज तर सर्वांत मोठा वैरी. शेजारचा पंप घरघरू लागला, एखादी सैल पट्टी थरथरली, की जहाजाला स्वतःचीच कुरकुर ऐकू येते आणि दूरच्या पाणबुडीची चाहूल त्यात बुडून जाते.

ही चाहूल वेळेवर लागली नाही तर काय होते, हे ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात दिसले. पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले.

त्यानंतर नौदलातले तरुण अधिकारी आरोग्यस्वामी पॉलराज यांनी जुन्या ब्रिटिश सोनारमध्ये सुधारणा केल्या. पुढे १९७७ ते १९८३ या काळात कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' हा भारतीय सोनार घडला. त्याच्या चाचण्या झाल्या 'हिमगिरी'वर. मुंबईच्या माझगाव गोदीने बांधलेली ही फ्रिगेट १९७४ सालीच नौदलात दाखल झालेली होती. म्हणजे देशी यंत्राला जागा करून द्यायची होती ती आधीच बांधून झालेल्या, समुद्र पाहिलेल्या जहाजात.